भाताची लोंबी आणि दाण्याचा हिशेब

(शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. सादरकर्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी), निरगुडसर, ता. आंबेगाव, जि. पुणे)



भात कापणीला आले की घरातले जाणते माणूस खाचरात उतरते आणि पुढच्या सालच्या बियाण्यासाठी चांगल्या लोंब्या बाजूला काढते. ही चाल आपल्याकडे पूर्वापार आहे आणि ती चांगलीच आहे. आज आपल्याला एवढेच बघायचे आहे, की त्या माणसाची नजर कशावर जाते आणि ती कशावर जायला हवी. उंच वाढलेल्या ताटावर? सगळ्यांत लांब लोंबीवर? की टपोऱ्या दाण्यावर? ज्या चुडाकडे बघून आपण आज मान डोलावतो, तेच उद्या आपल्या सगळ्या खाचरात उभे राहणार. पारख चुकली तर वर्षाचा दाणा चुकतो.

आता कोणी म्हणेल, की निरगुडसरच्या माणसाने भातावर कशाला बोलावे? कांदा, बटाटा, ऊस ही आमच्या बाजूची पिके. ते खरेच आहे. भाताचा मुलूख घोडेगावच्या वर, डिंभ्याच्या पलीकडे. तळेघर, राजपूर, आहुपे, जांभोरी, फुलवडे ही आपल्या आंबेगाव तालुक्यातली गावे. जुन्नरकडे आंबोली, हातवीज, घाटघर, इंगळूण हा पट्टा. पण तालुक्याची ही दोन टोके एकमेकांना बांधलेली आहेत. वरच्या अंगाला पुष्कळ घरांत भात हेच पोटाचे पीक. भाताचे काम उरकले की तिकडची माणसे आपल्याकडे कांद्याच्या लावणीला आणि काढणीला येतात. त्यांच्या कणगीत दाणा किती पडला, यावर त्या घराला गाव सोडून किती दिवस बाहेर राहावे लागणार हे ठरते. म्हणून भाताचा विषय दोन्हीकडच्या मंडळींचा आहे. शिवाय आज जी परीक्षेची रीत सांगणार आहे, ती बाजरीला आणि गव्हालाही चालते.

ऊस मोजतो तसे भात मोजा

ऊसवाल्या शेतकऱ्याला टनेज कसे काढतात ते सांगावे लागत नाही. एकरात ऊस किती आणि एका उसाचे वजन किती, या दोहोंचा गुणाकार म्हणजे टनेज. भाताचेही तसेच आहे, फक्त इथे गुणाकार चार गोष्टींचा आहे.

पहिली गोष्ट, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत लोंब्या किती. दुसरी, एका लोंबीत दाणे किती. तिसरी, त्या दाण्यांपैकी भरलेले किती आणि पोचट किती. चौथी, हजार दाण्यांचे वजन किती. भाताचे उत्पन्न या चार खांबांवर उभे असते. रोपाची उंची, पानाची रुंदी, खोडाची जाडी, लोंबीची लांबी हे बाकीचे गुण या चारांपैकी कोणाला तरी हात देतात किंवा कोणाचा तरी पाय ओढतात. त्यांचा थेट दाणा होत नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा, लावणी २० बाय १५ सेंटिमीटरवर केली. एका चौरस मीटरात ३३ चूड बसले. प्रत्येक चुडाला लोंबीवाले फुटवे ९, म्हणजे सुमारे ३०० लोंब्या. दर लोंबीत भरलेले दाणे ९०, म्हणजे २७,००० दाणे. हजार दाण्यांचे वजन २२ ग्रॅम धरले तर चौरस मीटरला ५९४ ग्रॅम भात. गुंठ्याला जवळजवळ ६० किलो.

आता दुसरे खाचर घ्या. इथे लावणी विरळ, ३० बाय ३० सेंटिमीटरवर. चौरस मीटरात चूड फक्त ११. मोकळी जागा मिळाल्यामुळे चूड डेरेदार झाले, प्रत्येकाला १४ लोंब्या आणि लोंबीत भरलेले दाणे १२०. नुसते चूड पाहिले तर कोणीही दुसऱ्या खाचराची तारीफ करील. पण हिशेब बघा. ११ गुणिले १४ म्हणजे १५४ लोंब्या. त्यात १२०-१२० दाणे म्हणजे १८,४८०. वजन ४०६ ग्रॅम. गुंठ्याला ४० किलोच्या आसपास. चूड डोळ्यात भरले, पण कणगीत २० किलो कमी पडले. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. आपल्या खाचरातले आकडे आपण स्वतः मोजायचे.

एक ओढले की दुसरे आखडते

मग कोणी विचारील, लोंब्याही जास्त, दाणेही जास्त, वजनही जास्त, असे चारही गुण एकत्र का नाही आणता येत?

कांदा लावताना हे तुम्ही दरवर्षी बघता. वाफ्यात रोप विरळ लावले तर कांदा मोठा होतो पण नग कमी. दाट लावले तर नग वाढतात पण कांदा लहान राहतो. वाफा तोच, खत तेच, पाणी तेच. वाटणी तेवढी बदलते. भातातही तसेच होते. फुटवे फार झाले की लोंब्या आखूड होतात. लोंबीत दाणे फार झाले की खालच्या बाजूचे दाणे पोचट राहतात. एक गुण ओढला की दुसरा आखडतो.

याचे मोठे उदाहरण परदेशात घडले. फिलिपाईन्स देशात लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. ती १९६० साली स्थापन झाली. १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटी तेथील शास्त्रज्ञांनी असा विचार केला, की भाताचे फुटवे कमी करावेत, पण प्रत्येक फुटव्याला मोठी, दोन-अडीचशे दाण्यांची लोंबी आणावी. वांझ फुटवा एकही नको. कागदावर बेत उत्तम होता. तशी रोपे तयारही झाली. पण पहिल्या खेपेच्या वाणांनी अपेक्षेइतका दाणा दिला नाही. लोंबी मोठी, पण ती भरून काढायला रोपाची ताकद अपुरी. पुष्कळ दाणे नीट भरलेच नाहीत. मग त्यांनी त्या वाणांचा नेहमीच्या, भरपूर फुटणाऱ्या भातांशी संकर करून मधला मार्ग काढला. एवढ्या जाणत्या माणसांना जे शिकावे लागले, ते आपण फुकट शिकून घेऊ : एकाच गुणामागे धावू नये.

उंचीचा मोह

आपल्या जुन्या माणसांना उंच भात आवडते, आणि त्याला कारण आहे. उंच भाताचा पेंढा जास्त. पेंढा गुरांच्या पोटाला लागतो, छपराला लागतो. ही गरज खोटी नाही. पण दाण्याच्या हिशेबात उंची बहुतेक वेळा उलटी जाते.

का उलटी जाते? रोपाने कमावलेले अन्न एका थैलीत आहे असे समजा. त्यातून खोडाला, पानाला आणि दाण्याला वाटा द्यायचा असतो. जुन्या उंच जातींत पेंढा आणि दाणा मिळून १०० किलो माल निघाला तर त्यात दाणा साधारण ३० किलो असतो. सुधारित बुटक्या जातींत तो ५० किलोपर्यंत जातो. थैली तीच, वाटणी वेगळी.

दुसरे कारण लोळण्याचे. उंच भाताला जरा जादा खत पडले की ते आणखी वाढते आणि लोंबीच्या वजनाने, वाऱ्या-पावसाच्या झोताने आडवे होते. पश्चिम घाटाच्या अंगाला परतीचा पाऊस कसा येतो ते मी सांगायला नको. लोळलेल्या भाताचे पान पानावर पडते, ऊन मिळत नाही, दाणा भरायचा थांबतो. लोंबी चिखलात गेली तर दाण्याला जागेवर मोड येतात. उरलेले उंदीर नेतात. आणि कापणीला दुप्पट माणसे लागतात ती वेगळी.

हा पेच साऱ्या आशिया खंडातल्या भातवाल्यांपुढे होता. १९६२ साली लॉस बान्योसच्या संस्थेत इंडोनेशियातील ‘पेटा’ या उंच भाताचा आणि तैवानमधील ‘डी-जिओ-वू-जेन’ या बुटक्या भाताचा संकर केला गेला. त्यातून निवडलेला वाण १९६६ साली बाहेर आला. तोच आय.आर. ८. उंची सुमारे एक मीटर, खोड ताठ, पाने उभी. खत घातले तर ते खत दाण्याला जाई, नुसत्या वाढीला नाही. आपल्या देशात १९६८ साली ‘जया’ हा वाण प्रसारित झाला, त्यातही तैवानच्या बुटक्या भाताचेच रक्त आहे. हा बुटकेपणा आणणारा जनुक नेमका कोणता आणि तो काम कसे करतो, हे शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधून काढले. रोपाच्या अंगात वाढीचे एक द्रव्य तयार होत असते. या जनुकामुळे ते कमी तयार होते, म्हणून खोड आखूड राहते. लोंबी मात्र आखूड होत नाही. ही त्यातली मोठी सोय.

उभ्या पानाचे मोलही लक्षात ठेवा. पान आडवे लोंबत असेल तर वरची पाने सगळे ऊन खातात आणि खालची उपाशी राहतात. पान उभे असेल तर ऊन तळापर्यंत झिरपते. लोंबीच्या लगतचे शेंड्याचे पान आणि त्याखालची दोन पाने, ही तीन पाने दाणा भरण्याचे मुख्य काम करतात. ती शेवटपर्यंत हिरवी राहिली पाहिजेत. करप्याने ती आधीच वाळली तर लोंबी कितीही मोठी असो, दाणा पोचट.

आंबेमोहोर आणि इंद्रायणी

आता आपल्या जवळची गोष्ट. आंबेमोहोर म्हटले की पुणे जिल्ह्यात कोणाच्याही तोंडाला पाणी सुटते. आंब्याच्या मोहोरासारखा वास म्हणून आंबेमोहोर. गावोगावच्या आंबेमोहोरांतून निवड करून ‘आंबेमोहोर १५७’ हा वाण काढला गेला होता. वास उत्तम, भात मऊ. पण ताट उंच, लोळणारे, आणि दाणा कमी. दुसऱ्या बाजूला आय.आर. ८ : दाणा भरपूर, ताट ताठ, पण भात शिजून गार झाला की कडक होणारा, आणि वास नाही.

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात या दोघांचा संकर झाला. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. त्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहोराकडून वास आणि चव घेतली, आय.आर. ८ कडून आखूड, ताठ खोड आणि दाण्याची वाटणी घेतली. म्हणजे पाहा, तैवानच्या बुटक्या भाताचा गुण फिलिपाईन्समार्गे मावळात आला आणि आपल्या ताटात वाढला गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शास्त्रज्ञांनी फक्त दाण्याचे वजन पाहिले असते तर वास हरवला असता. फक्त वास पाहिला असता तर खाचर लोळतच राहिले असते. दोन्ही गुण एका रोपात येईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या हजारो रोपे पारखून टाकावी लागतात. पैदासकाराचे निम्मे काम नको ते टाकून देण्याचे असते.

आणि म्हणून मी तुम्हाला जुने वाण फेकून द्या असे सांगणार नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात रायभोग, काळभात, जिरवेल, कोळपी अशी कितीतरी नावे आहेत. आंबेमोहोराला बाजारात दर जादा मिळतो. पेंढ्याची गरज आहे. तेव्हा एखादे खाचर जुन्या वाणाला अवश्य ठेवा. पण त्याला नत्राचे खत बेताने द्या, म्हणजे ते लोळणार नाही. घराच्या पोटाचे मुख्य भात मात्र न लोळणाऱ्या वाणाचे असू द्या.

जास्त दिवसांचे भात जास्त पिकते का?

पुष्कळांचा समज असा, की गरवे भात म्हणजे जादा दाणा. रोपाला जास्त दिवस मिळाले तर ते जास्त अन्न कमावते, हे बरोबर. पण अट एकच, शेवटपर्यंत ओल पाहिजे.

आपल्या डोंगराळ भागात सगळी खाचरे सारखी नाहीत. ओढ्याकाठच्या, खोलगट खाचरात दिवाळीपर्यंत ओल टिकते. उतारावरच्या उथळ खाचरातले पाणी पाऊस थांबल्यावर थोड्याच दिवसांत निघून जाते. अशा खाचरात गरवे भात लावले तर ते ऐन निसवण्याच्या किंवा दाणा दुधात असण्याच्या वेळी तहानेला लागते. मग तिसरा खांब कोसळतो, म्हणजे लोंब्या आहेत, दाणे आहेत, पण भरलेले नाहीत.

साधारण ११५ दिवसांच्या आतले ते हळवे, १२० ते १३५ दिवसांचे निमगरवे आणि त्याहून जास्त ते गरवे. इंद्रायणी १३५ ते १४० दिवसांच्या आसपास घेते. तेव्हा उथळ खाचरात हळवे, मधल्यात निमगरवे आणि खोलगट, ओल धरणाऱ्या खाचरात गरवे, अशी वाटणी करा. एकच गुण एका खाचरात दाणा वाढवतो आणि दुसऱ्या खाचरात घटवतो. गुण वाईट नसतो, जागा चुकते.

दहा चुडांची परीक्षा

आता कामाचे सांगतो. कोणता गुण आपल्या खाचरात दाण्यासोबत चालतो, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. याला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोजपट्टी, एक वही, आणि सोनाराकडचा किंवा किराणा दुकानातला बारीक वजनाचा काटा पुरे. शाळेत जाणारी पोरे मदतीला घ्या, त्यांना हे काम फार आवडते.

कापणीच्या आदल्या दिवशी खाचराच्या मधून दहा चूड निवडा. चांगलेच निवडू नका. उंच, बुटके, भरदार, मध्यम असे सगळे घ्या. प्रत्येकाला चिंधी बांधून नंबर द्या. वहीत पाच रकाने आखा : उंची, लोंब्या, एका लोंबीतले भरलेले दाणे, पोचट दाणे, आणि शेवटी त्या चुडाचे झोडून, वाळवून भरलेले वजन.

समजा, अशा पाच चुडांची नोंद पुढीलप्रमाणे निघाली. पहिला चूड १४० सेंटिमीटर उंच, लोंब्या ६, भरलेले दाणे ९५, वजन साडेबारा ग्रॅम. दुसरा ११० सेंटिमीटर, लोंब्या १०, दाणे ९०, वजन २० ग्रॅम. तिसरा १२५ सेंटिमीटर, लोंब्या ८, दाणे ८५, वजन १५ ग्रॅम. चौथा १०५ सेंटिमीटर, लोंब्या १३, पण भरलेले दाणे फक्त ६०, वजन १७ ग्रॅम. पाचवा ११८ सेंटिमीटर, लोंब्या ९, दाणे ९८, वजन साडेएकोणीस ग्रॅम.

आता वजनाचा रकाना हातात धरा आणि बाकीचे रकाने त्याच्याशी ताडून बघा. सगळ्यांत उंच चुडाचे वजन सगळ्यांत कमी. सर्वांत जास्त लोंब्यांचा चौथा चूड पहिला आला नाही, कारण त्याच्या लोंब्या नीट भरल्या नाहीत. पुढे गेले ते दुसरा आणि पाचवा. दोघांच्याही लोंब्या बऱ्यापैकी आणि दोघांचेही दाणे भरलेले. तर बाबांनो, बियाण्याला चूड घ्यायचे ते असे.

भाताची पैदास करणारे शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त दहाऐवजी शेकडो वाणांवर आणि वर्षानुवर्षे. त्यांच्या नोंदींत बहुतेक वेळा लोंबीवाले फुटवे आणि लोंबीतले भरलेले दाणे हे दोन गुण उत्पन्नाच्या जोडीने चालताना दिसतात. पण ते आणखी एक खुबी करतात. नाते सरळ आहे की उसने, हे ते तपासतात. आता लोंबीची लांबी घ्या. लांब लोंबीचा वाण पुष्कळदा जास्त पिकतो. पण तो लांबीमुळे पिकतो का? नाही. लांब लोंबीत दाणे जास्त मावतात म्हणून पिकतो. लोंबी लांब पण दाणे विरळ असतील तर तिचा उपयोग नाही. सरळ आणि उसन्या नात्याचा हा हिशेब अमेरिकेतील सिवॉल राइट यांनी १९२१ साली मांडला आणि १९५९ साली ड्यूई व लू या दोघांनी तो एका चाऱ्याच्या गवतावर वापरून दाखवला. तेव्हापासून पिकांची पैदास करणारे तो वापरत आले आहेत. आपल्यापुरते सांगायचे तर लोंबी हातात घेतल्यावर तिची लांबी बघू नका, ती तळहातावर तोलून बघा.

बांधाकडचे चूड फसवते

एक सावधगिरी फार महत्त्वाची. खाचराच्या कडेचे चूड नेहमी जोमदार दिसते. त्याला एका बाजूने मोकळे ऊन मिळते, शेजारी वाटेकरी कमी. जिथे राब भाजला होता किंवा शेणखताचा ढीग पडला होता, तिथलेही चूड असेच उफाळते. तो जोर मातीचा आहे, बियाण्याचा नाही. मातीचा जोर बियाण्यातून पुढच्या वर्षी येत नाही.

डेन्मार्कमधील योहानसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०३ साली घेवड्याच्या बियांवर हे दाखवून दिले. एकाच झाडापासून वाढवलेल्या शुद्ध घेवड्यातून त्याने जड बिया वेगळ्या आणि हलक्या बिया वेगळ्या पेरल्या. दोन्हींच्या पुढच्या पिढीच्या बिया सरासरीने सारख्याच निघाल्या. पण वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ असलेल्या घेवड्यातून निवड केली तेव्हा मात्र फरक पडला.

यातून आपल्याला दोन गोष्टी मिळतात. तुमच्या खाचरात इंद्रायणीसारखा शुद्ध वाण असेल तर त्यातून चांगले चूड निवडून वाण वाढणार नाही. तिथे निवड करायची ती वाण शुद्ध ठेवण्यासाठी. आणि तुमच्याकडे आजोबांपासून चालत आलेले, मिसळलेले गावठी भात असेल तर त्यातून पारखून निवड केल्यास तीन-चार वर्षांत वाण सुधारू शकतो. आंबेमोहोर १५७ अशाच निवडीतून निघाले, हे आपण पाहिलेच.

भाताचे आणखी एक बरे आहे. त्याचे फूल आपल्याच परागाने फळते. शेजारच्या वाणाची मिसळ क्वचित होते. म्हणून घरचे बियाणे टिकते. संकरित भाताचे बियाणे मात्र घरचे ठेवू नका. पुढच्या पिढीत ते फुटते. उंच-बुटके, लवकर-उशिरा असे नाना प्रकार एका खाचरात उभे राहतात.

बियाणे कसे काढावे

एकराला सुमारे १४ ते १६ किलो बियाणे लागते. आपण वर केलेला हिशेब धरला तर अर्ध्या गुंठ्यात ते निघून उरते. तेव्हा सगळ्या खाचरातून लोंब्या वेचत हिंडू नका. खाचराच्या मध्यभागी, सपाट आणि सारख्या मातीची अर्धा ते एक गुंठा जागा काठ्या रोवून राखा. बांधाकडच्या दोन-तीन ओळी त्यात घेऊ नका.

या राखीव जागेतून भेसळ तीन वेळा काढा. पहिल्यांदा फुटवे येताना, पानाचा रंग आणि ठेवण वेगळी असेल ते चूड उपटा. दुसऱ्यांदा निसवताना, इतरांच्या फार आधी किंवा फार नंतर निसवणारे चूड काढा. तिसऱ्यांदा कापणीपूर्वी, दाण्याचा रंग, आकार किंवा कुसळ वेगळे दिसेल ते काढा. खोडकिड्याने पांढरी पडलेली लोंबी आणि करप्याने मान मोडलेली लोंबी बियाण्यात येऊ देऊ नका.

हे बियाणे आधी कापा, वेगळ्या खळ्यावर झोडा, चांगले वाळवा आणि नाव लिहून ठेवा. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाका. वर तरंगेल ते पोचट. ते काढून टाका. तळाशी बसलेले बियाणे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. शुद्ध वाणाचे बियाणे तीन वर्षांनी तरी प्रमाणित बियाण्याने बदलत जा.

शेतकरी बंधूंनो, आणि विशेषतः भगिनींनो, कारण बियाण्याचे मडके बहुतेक घरांत तुमच्याच हाती असते, आजच्या बोलण्याचे सार पाच वाक्यांत सांगतो.

१. एकट्या चुडाकडे पाहू नका, चौरस मीटरातल्या लोंब्या मोजा.
२. लोंबीची लांबी बघू नका, भरलेले दाणे बघा.
३. उंची पेंढ्यासाठी ठीक, पण लोळणाऱ्या भातावर घराचे पोट सोपवू नका.
४. वाण खाचराची ओल बघून निवडा.
५. बियाणे बांधाकडून घेऊ नका, खाचराच्या मधून घ्या.

यंदा कापणीला दहा चूड बाजूला काढाच. वही करून ठेवा आणि गावच्या बैठकीत ती सोबत आणा. एका गावातल्या दहा घरांनी अशा दहा वह्या केल्या, तर कोणत्या खाचराला कोणते भात मानवते हे त्या गावाला बाहेरच्या कोणाला विचारावे लागणार नाही.